वाटसरूसाठी कोण बांधतो?

आज ऑक्टोबरचा पहिला सोमवार. घाटावर सोयाबीनची सोंगणी रंगात आली आहे, घाटाखाली कपाशीची बोंडे फुटू लागली आहेत आणि जगभरचे वास्तुविशारद आज जागतिक वास्तुकला दिन पाळत आहेत. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा दिवस 1985 मध्ये सुरू केला, तेव्हा तो 1 जुलैला असे. 1996 मध्ये तो ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आणला गेला, कारण त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अधिवास दिन असतो. इमारतीचा विचार आणि डोक्यावरच्या छपराचा विचार एकाच दिवशी व्हावा, हे बरेच झाले. महानगरांच्या सभागृहांत आज व्याख्याने होतील. झपाट्याने बदलणाऱ्या, नाना देशांच्या आणि नाना भाषांच्या माणसांनी भरलेल्या शहरात वास्तुकलेने काय करावे, असा त्यांचा साधारण विषय असतो. बुलढाण्याच्या वाचकाला वाटेल की हा प्रश्न दुबईचा, लंडनचा, फार तर मुंबईचा. आपल्याकडे अजून घरकुलाचा पुढचा हप्ता कधी पडतो याचीच वाट पाहणे चालू आहे. आमचे म्हणणे असे की ते जागतिक शहर आपल्या शिवारात येऊन पोचले आहे. फक्त त्याची दर्शनी बाजू तिकडे राहिली आणि मागची बाजू आपल्या वाट्याला आली.

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला होऊन 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या घाटावरच्या पट्ट्यातून तो जातो. मुंबईच्या बंदराशी विदर्भ जोडण्यासाठी तो बांधला, आपल्या गावांना एकमेकांशी जोडण्यासाठी नव्हे. ज्यांची शेते मधोमध कापली गेली त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. इंटरचेंजजवळच्या जमिनींचे भाव चढले, हॉटेले आली, गोदामांची भाषा सुरू झाली. दुसरीकडे आपली तरुण पोरे चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांत गेली. त्यांनी पाठवलेला पैसा गावात स्लॅबच्या रूपाने उभा राहतो. त्या स्लॅबवर फरशी बसवायला राजस्थानचा कारागीर येतो, पीओपी करायला उत्तर प्रदेशाचा. चिखली-खामगावच्या बाजारपेठेत जुन्या दुकानाच्या कोरीव लाकडी दर्शनी भागावर एसीपीचे चकचकीत पत्रे मारले जातात, कारण मोठ्या शहरातली शोरूम तशी दिसते. भांडवल बाहेरचे, माणसे बाहेरची, साहित्य बाहेरचे आणि नक्कलही बाहेरची. जागतिक शहराची आणखी कोणती लक्षणे असतात?

अशा जागी वास्तुकलेचे पहिले काम कोणते, याचे उत्तर आपल्या जिल्ह्यात फार जुने आहे. मेहकरला पैनगंगेच्या काठच्या वस्तीत हेमाडपंती बांधणीची एक जुनी धर्मशाळा आहे. मध्ये चौक आणि भोवती दगडी खांबांच्या पडव्या. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावाने आपण जी बांधणी ओळखतो तिच्यात दगडावर दगड नेमका बसवून इमारत तोललेली असते. एवढ्याच कसबाचे खांब लोक देवळात पाहतात, पण इथे ते देवासाठी नाहीत. थकून आलेल्या अनोळखी माणसाला रात्रभर टेकता यावे म्हणून कुणीतरी हा खर्च केला. आलेल्याचे गाव कोणते, जात कोणती, तो व्यापारी की यात्रेकरू, हे कळायच्या आधीच इमारतीने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. भारताच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूंत तिचा समावेश आहे. मेहकरला बालाजीच्या दर्शनाला आलेल्या किती जणांची पावले तिकडे वळतात, ते मेहकरकरांनीच सांगावे.

आता तिच्यापासून काही किलोमीटरवरून जाणाऱ्या सहापदरी रस्त्याकडे पाहा. तिथे मोटार ताशी 120 किलोमीटर वेगाने जाऊ शकते. पण रस्ता सुरू झाला तेव्हा त्यावर थांबायला, तोंड धुवायला, चालकाला तासभर आडवे व्हायला जागा अपुऱ्या होत्या, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 जीव गेले. त्या अपघाताचे कारण शोधणे हे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे, आमचे नाही. आमचा मुद्दा एवढाच की आठशे वर्षांपूर्वी ज्या मुलखात वाट आखताना मुक्कामाची जागाही बांधत, त्याच मुलखात आपण हजारो कोटींचा रस्ता आधी केला आणि विसाव्याचे नंतर बघू म्हणालो. हा पैशाचा प्रश्न नव्हता. आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाहन होते, त्यात बसलेला माणूस नव्हता.

जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते रोज हजारो लोक वापरतात. शेगावला गजानन महाराजांचे दर्शन घ्यायला येणाऱ्याला भक्तनिवासात परवडेल अशा दरात स्वच्छ खोली मिळते, महाप्रसाद मिळतो, आणि पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारी त्याला नम्रपणे 'माउली' म्हणून वाट दाखवतात. महाराज 23 फेब्रुवारी 1878 ला शेगावात प्रकटले आणि 8 सप्टेंबर 1910 ला त्यांनी समाधी घेतली. त्यानंतरच्या शतकभरात एका लहानशा स्टेशनाच्या गावाने गर्दी कशी सामावून घ्यायची याचे एक शास्त्रच तयार केले. वास्तुकलेच्या पुस्तकांत शेगावचे नाव येत नाही, कारण तिथल्या इमारतींत फोटो काढण्यासारखे नवल फारसे नाही. पण रांगेतल्या म्हातारीला सावली कुठे मिळेल, पाणी कुठे लागेल, चप्पल कुठे ठेवायची, बाहेर पडायचा रस्ता कुठून, हे ज्यांनी आधी ठरवले त्यांना शहर कळले आहे. कुंभमेळ्याच्या नियोजनावर परदेशी विद्यापीठे ग्रंथ काढतात. शेगावावर आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एखादा प्रबंध करायला हरकत नव्हती.

वेगवेगळ्या लोकांनी एका जागी राहण्याचा धडाही परक्यांकडून घ्यायला नको. सिंदखेडराजाला राजे लखुजी जाधवांची समाधी पाहा. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात त्यांचा घात झाला, त्यानंतर ती उभी राहिली. ज्या दरबारात धन्याचा खून झाला त्याच दख्खनी दरबारांच्या बांधणीतला घुमट धन्याच्या समाधीवर चढवताना त्या काळच्या गवंड्यांना काही वावगे वाटले नाही. ती त्या मुलखाची बांधणी होती, कुणा एका धर्माची नव्हे. जून 2024 मध्ये याच समाधीच्या परिसरात पुरातत्त्व विभागाच्या नागपूर मंडळाचे काम चालू असताना जमिनीखालून जुन्या देवळाचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती निघाली. सतराव्या शतकातल्या समाधीच्या शेजारी तिच्याहून कितीतरी जुने देऊळ, जवळच काहीशे पावलांवर जिजाऊंचा जन्म झाला तो वाडा आणि त्यापुढे आजचे बसस्टँड. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची जुनी दगडी मशीद आणि लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ यांच्यात काळाचे अंतर मोठे आहे, पण दोन्हींचा दगड एकाच काळ्या कातळाच्या जातीचा. ज्यांना आज इमारतींची धर्मानुसार वाटणी करायची हौस आहे त्यांनी एकदा हा जिल्हा पायी हिंडावा.

सिंदखेडराजाच्या मोती तलावाचा बांध तर सरकारी बांधकाम खात्याच्या प्रत्येक नव्या अभियंत्याला दाखवायला हवा. पाणी अडवायला भिंत घातली आणि काम संपले, असे तिथे झाले नाही. त्या भिंतीला कमानी दिल्या, उतरायला पायऱ्या दिल्या, बसायला जागा दिल्या. चांदणी तलावात तर पाण्याच्या मधोमध इमारत बांधली. गावातल्या पुतळा बारवेत पाण्याकडे उतरणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेली शिल्पे. उपयोगाची वस्तू देखणी करायला काही बंदी नाही, हे त्या काळच्या लोकांना माहीत होते. आपल्याकडे हल्ली पाण्याची टाकी म्हटली की सिमेंटचे चार खांब आणि त्यावर पुढाऱ्याचे नाव.

घराचा विषय यापेक्षा अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दुभंगलेला आहे हे इथे शाळकरी पोरही सांगते. घाटावर दगड हाताशी. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, हातभर काळी जमीन आणि तिच्याखालीही जमीनच. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या पट्ट्यात पाणीसुद्धा खारे. त्यामुळे तिथली जुनी घरे मातीची. जाड भिंती, लाकडी सर, त्यावर काटक्या आणि पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले धाबे. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा दिवसभराची आग त्या मातीत झिरपत खाली यायला संध्याकाळ होते, आणि तोवर माणसे अंगणात किंवा धाब्यावर बाज टाकून झोपायला निघालेली असतात. घराने उन्हाशी काढलेला हा वेळेचा तोडगा होता.

धाब्याच्या घराचे गोडवे गाणारे बहुतेक जण स्वतः स्लॅबच्या घरात राहतात, हेही सांगून टाकू. मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती चढवणे, भिंती सारवणे, पावसाळ्यात गळतीखाली भांडी मांडणे, उंदीर-विंचवांशी झगडणे हे सगळे बायकांच्या वाट्याला येत असे. ज्या घरात आजीचे आयुष्य शेणामातीत गेले त्या घरातल्या नातीने स्लॅबचा हट्ट धरला तर तिला परंपरेची शिकवण देण्याचा हक्क कुणालाच नाही. चूक स्लॅब मागणाऱ्याची नाही. चूक ही की मातीच्या घरात उन्हाची जी अक्कल होती ती आपण मातीबरोबरच फेकून दिली. आजचे घरकुल म्हणजे चार पातळ भिंती, वर पाच इंची स्लॅब किंवा टिने, पश्चिमेला बिनसावलीची खिडकी आणि त्या खिडकीत कूलर. कूलरला वीज लागते आणि पाणी लागते, आणि खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात दोन्हींची बोंब. खाऱ्या पाण्याने कालवलेल्या, भिजवलेल्या काँक्रीटमधली सळई लवकर गंजते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया नीट नसेल तर भिंतही तिच्यासारखीच भेगाळते. इथल्या गवंड्याला हे ठाऊक आहे. नकाशा मंजूर करणाऱ्या कागदाला ते ठाऊक नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान 25 चौरस मीटर जागा ठरली आहे, आणि सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मूळ अनुदान. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने देशाच्या वेगवेगळ्या हवामानांना धरून घरांचे नमुने 'पहल' या नावाने एकत्र केले आहेत. कल्पना उत्तम होती, पण हे नमुने गावच्या मिस्त्रीपर्यंत पोचलेले दिसत नाहीत. परिणामी भिंगाऱ्याच्या सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यावरचे घरकुल, मलकापुरातले घरकुल आणि देऊळगाव राजातले घरकुल अशी तिन्ही घरे एकसारखीच दिसतात.

सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूर-खंडव्याच्या बाजूने पुढे गेले की इंदूर लागते. तिथे 1989 च्या सुमारास बाळकृष्ण दोशींनी अरण्य नावाची वसाहत आखली. दोशींचा जन्म 1927 मध्ये पुण्यातला. 2018 मध्ये वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. अरण्यमध्ये सुमारे साडेसहा हजार घरांची सोय होती, पण गरिबातल्या गरीब कुटुंबाला पुरे घर दिले नाही. त्याला जोते दिले, नळ आणि संडास दिला, जमेल तिथे एक खोली दिली. उरलेले घर त्याने आपल्या ऐपतीने, आपल्या सवडीने वाढवायचे. कसे वाढू शकते हे दाखवायला दोशींनी स्वतः 80 नमुना घरे बांधली. लोकांनी त्यापुढे जाऊन गॅलऱ्या काढल्या, ओटे घातले, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड केले. वास्तुविशारदाने इमारतीचा शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवला नाही, म्हणून ती वस्ती जिवंत राहिली. आपल्याकडे जिगाव प्रकल्पात बुडणाऱ्या गावांचे पुनर्वसन होत असताना या अनुभवाचा उपयोग व्हायला हवा होता. चौकोनी प्लॉट, सरळ रस्ते आणि समाजमंदिर एवढ्याने गाव होत नाही. जुन्या गावात पारावर कोण बसायचे, बायका कुठे बोलायच्या, गुरे संध्याकाळी कोणत्या वाटेने यायची, हे विचारल्याशिवाय आखलेल्या वसाहतीत माणसे राहायला जातात आणि कित्येक वर्षे उपरी राहतात.

आणखी दूरचे एक उदाहरण. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातले गांदो हे खेडे आपल्या घाटाखालच्यासारखेच तापते. तिथला फ्रान्सिस केरे हा पोरगा जर्मनीत वास्तुकला शिकायला गेला आणि शिकत असतानाच 2001 मध्ये त्याने आपल्या गावात शाळा बांधली. गावकऱ्यांच्या हातांनी पाडलेल्या, थोडे सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा, विटांचेच छत आणि त्याच्यावर उंच उचललेला पत्रा. पत्रा तापतो, पण त्याच्या आणि छताच्या मधून वारा निघून जातो, म्हणून वर्ग गार राहतो. याच केरेला 2022 चा प्रिट्झकर मिळाला. त्याने पत्रा नाकारला नाही, तो फक्त कुठे ठेवायचा याचा विचार केला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर टिनाच्या खोल्या काय कमी आहेत? त्यांच्यावरचा पत्रा दोन फूट उचलण्यासाठी कुणाला परदेशात जायची गरज नाही. खामगावात नाहीतर चिखलीत वेल्डिंगचे काम करणारा कुणीही ते करू शकतो.

पुढचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. समृद्धीच्या काठाने नवनगरे वसवायची योजना आहे, आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातली गावेही घेतली गेली. नव्या शहराचे आराखडे कागदावर नेहमी सुंदर असतात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकात मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवायची कल्पना मांडली, तेव्हा तीही सुंदरच होती. 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबई उभी राहिली. कोरियांनी बेलापूरला चौकांभोवती वाढू शकणारी छोटी घरे बांधूनही दाखवली. पण बाकीचे शहर त्या चौकांसारखे झाले नाही, ते जमिनीच्या भावासारखे झाले. इतक्या नामांकित माणसांच्या शहराची ही गत झाली, तर सिंदखेडराजा तालुक्याच्या माळावर गोदामांच्या रांगा आणि काचेच्या दर्शनी इमारती उभ्या राहणार नाहीत याची हमी कोण देणार?

नियमांच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. डिसेंबर 2020 मध्ये राज्याने एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आणली. मुंबई आणि काही अपवाद सोडले तर सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक. सोय म्हणून ते ठीक आहे, आधीचा गोंधळ भयंकर होता. पण चटईक्षेत्र, सामासिक अंतर आणि पार्किंग यांचे गणित कोल्हापूरला आणि मलकापूरला एकच लागू केले की मलकापूरचे ऊन त्या गणितातून बाहेर पडते. स्थानिक नगरपालिकांना आपापल्या हवामानाला धरून पुरवणी नियम करण्याची मोकळीक द्यावी, बाजारपेठेच्या रस्त्यावर सलग पडवी ठेवणाऱ्या दुकानदाराला काही सवलत द्यावी, एवढी मागणी आपल्या आमदारांनी करायला हरकत नाही. एसीपीच्या पत्र्यामागे झाकलेली जुनी लाकडी पडवी उन्हात आलेल्या गिऱ्हाइकाला उभे राहायला जागा देत होती. ती जागा आता कुणाच्याच हिशेबात नाही.

लोणारबद्दल वेगळा लेख लागेल. उल्केच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले हे जवळपास दोन किलोमीटर रुंदीचे विवर 2020 मध्ये रामसर यादीत गेले. तिथे पर्यटनाच्या नावाने काय बांधायचे यापेक्षा काय बांधायचे नाही हे आधी ठरवा, एवढेच आज म्हणतो.

गावच्या नगरपालिकेचा विकास आराखडा असो, नवनगराचा असो की पुनर्वसित वस्तीचा, तो जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. आपल्याकडे ती मुदत बहुतेक वेळा ज्यांचे प्लॉट आरक्षणात गेले त्यांच्या धावपळीत संपते. या वेळी इतरांनीही तो नकाशा पाहावा. नगरपालिकेत जाऊन तो मागणे हा तुमचा हक्क आहे. सोंगणीला मध्य प्रदेशातून आलेला मजूर रात्री कुठे टेकणार, ट्रकचा चालक कुठे झोपणार, बाजाराला आलेली बाई कुठे लघवीला जाणार, दुपारी दोनला एसटीची वाट पाहणाऱ्याला सावली कुठे आहे, हे त्या नकाशात शोधा. सापडले नाही तर साध्या कागदावर, साध्या मराठीत हरकत लिहा, खाली सही करा आणि मुदत संपायच्या आत आवक-जावक शिक्क्यासह पोच घ्या.